लेकीकडे जायचा पास

आफ्रिकेत इतकी वर्षं सरली, तरी वाशीमच्या कचेरीत भेटलेली ती माळीण मला अजून आठवते. तिचं नाव मी विचारलंच नाही.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा मोंबासाला होता, म्हणून परदेशाच्या पासासाठी वडिलांनी मला आमच्या अनसिंग गावाहून तिथे आणलं होतं. ती आमच्या आधी आत गेली. ठेवणीतलं लुगडं, पण नखांत वांग्याच्या वाफ्यातली माती. बोलणं दारातून ऐकू येत होतं. तिची लेकही तिकडे आफ्रिकेत होती, बाळंत व्हायची होती.

“किती दिवस राहणार?” साहेबांनी विचारलं.

“सव्वा महिना. बाळंतीण उठली का मी निघाली.”

“परत येशील कशावरून?”

तिनं पदर सारखा केला. “लेकीच्या घरी कोणती माय कायमची राह्यते, साहेब?”

साहेबांनी सही केली.

बाहेर येऊन ती आमच्याजवळ पायरीवर बसली. मघाचा धीर कुठल्या कुठे गेला होता.

“भाऊ, समुद्र केवढा असते?” तिनं वडिलांना विचारलं.

“म्याबी नाई पाह्यला, बाई. जहाजाले लई दिस लागते म्हणतात.”

ती समोरच्या कडुलिंबाकडे पाहत म्हणाली, “माही पोरगी तळ्याच्या पाण्यालेबी भ्यायची. कशी गेली असन?”

शिपायानं आमचं नाव पुकारलं. वडील उठले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारल्यावर मीच त्यांचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.