पहिल्या खुंटीवरची किल्ली

बादलीतल्या निम्म्या कपड्यांचे पीळ अजून तसेच होते. दोरीवर दोन चादरी चढल्या होत्या, तिसरीचं एक टोक काकूंच्या हातात होतं, आणि तेवढ्यात खाली त्यांच्या घरात फोन वाजायला लागला. काकूंनी ते टोक कसंबसं दोरीवर टाकलं, ओले हात झटकत गच्चीचा जिना उतरल्या आणि स्वतःच्या दारासमोर येऊन थबकल्या. दार बंद होतं. वर जाताना त्यांनी ते नुसतं लोटलं होतं. राहिलेलं काम वाऱ्याने केलं होतं. लॅचचं कुलूप ते, एकदा बसलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडायचं नाव नाही. काकूंनीच दुकानदाराचं डोकं अर्धा तास खाऊन, सगळ्यांत मजबूत म्हणून निवडून आणलेलं.

आत फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दार लागून बाहेर अडकलेली माणसं शंभर सापडतील. पण या होत्या किल्लीकाकू. त्या तीन मजली इमारतीत कुणाचंही दार लागलं की तो माणूस सरळ वर येऊन काकूंची बेल वाजवायचा, कारण सगळ्यांच्या जादा किल्ल्या काकूंकडे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक फळी होती, फळीवर दोन ओळींत खुंट्या, आणि प्रत्येक किल्लीला ओळखीसाठी एक चिंधी. चिंध्या काकूंच्या दोन मुलांच्या जुन्या कपड्यांच्या. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या किल्लीला मुलाच्या शाळेच्या शर्टाची बाही, दुसऱ्या मजल्यावरच्या टपालकाकांच्या किल्लीला मुलीच्या पहिल्यावहिल्या फ्रॉकची पिवळी पट्टी.

त्यामुळे किल्ली मागायला गेलेल्याला किल्ली लगेच मिळत नसे. आधी तो फ्रॉक कसा शिवला, मुलीने तो घालून पहिल्याच दिवशी चिखलात कशी बसकण मारली, हे ऐकायचं. मग उपदेश. "आज किल्ली विसरलात, उद्या डोकं विसराल!" हा काकूंचा ठरलेला प्रसाद. टपालकाकांना तो आतापर्यंत नऊ वेळा मिळाला होता.

आणि काकूंच्या स्वतःच्या घराची जादा किल्ली? होती ना. त्याच फळीवर, पहिल्या खुंटीवर, लाल चिंधी बांधून. हरवू नये म्हणून.

इमारतीतलं एकच घर त्या फळीवर नव्हतं, ते म्हणजे तळमजल्याचं. तिथे काकूंची धाकटी जाऊ राहायची आणि बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. दोघींचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं तरी असतं. झालं होतं एवढंच, की सासूबाईंनी शेवटची दोन वर्षं धाकटीकडे काढली. त्यांना जिना चढवत नव्हता. काकूंच्या मते जिना हे निमित्त होतं. "वीस वर्षं चढल्या तेव्हा जिना नव्हता वाटतं!" असं त्या एकदाच म्हणाल्या, आणि ते तळमजल्यापर्यंत पोचायला जिन्याची गरज पडली नाही. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून "कशी आहेस?" "बरी आहे," एवढ्यावर नातं चाललं होतं. धाकटीने आपली किल्ली दिली नाही आणि काकूंनी मागितली नाही.

तर काकू दारासमोर उभ्या, आणि टपालकाका धापा टाकत वर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी निरोप पोचवायचा म्हटलं की त्यांच्या पायांत बळ यायचं.

"काकू, तुम्ही फोन का घेत नाही? जावयाचा फोन आलाय माझ्याकडे. मुलीला पहाटेच दवाखान्यात नेलंय. पंधरा दिवस आधीच! सगळं ठीक आहे म्हणतात, पण ती सारखी विचारतेय, आई कुठवर आली म्हणून."

मुलीचं हे पहिलंच बाळंतपण. काकूंनी शब्द दिला होता, "तू आत जाशील तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल." त्यासाठी बॅग महिनाभर आधीच भरून ठेवली होती. साडेअकराची बस धरली तर चारपर्यंत पोचता येत होतं; पुढची थेट संध्याकाळची. आणि आता सव्वादहा झाले होते.

"मग निघा ना," टपालकाका म्हणाले.

काकू दाराकडे बघत राहिल्या.

"दार..." त्या पुटपुटल्या.

टपालकाकांनी दाराकडे पाहिलं, काकूंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि प्रसंग गंभीर आहे हे कळत असूनही त्यांच्या मिशा हलल्याच. "काकू, एक विचारू? ते डोकं विसरायचं कधी म्हणाला होतात, आज की उद्या?"

"बोला, बोला. तुमचाच दिवस आहे."

बघता बघता जिन्यात माणसं जमली. नर्सबाई म्हणाल्या, मुलीची काळजी करू नका, पहिलटकरणीला वेळ लागतो. कुणी म्हणालं, किल्लीवाल्याला बोलवा. तर तो बाराशिवाय दुकान उघडत नाही. टपालकाका म्हणाले, दार फोडू. खांदा लावून त्यांनी एकदा जोरही केला. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं.

"अहो, दार राहू दे," नर्सबाई म्हणाल्या. "काकू, अशाच निघा. भाड्याचे पैसे मी देते."

"पैशाचं नाही गं. दुपटं आत आहे."

ते दुपटं सासूबाईंनी स्वतःच्या हाताने शिवलेलं. काकूंचे यजमान जन्मले तेव्हा पहिल्यांदा त्यातच गुंडाळले गेले, मग त्यांचा धाकटा भाऊ, मग काकूंची दोन्ही मुलं, मग धाकटीची तिन्ही. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये. यजमान गेल्यावर काकूंनी त्यांचे कपडे देऊन टाकले. दुपटं मात्र बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं होतं.

"त्याच्याशिवाय जाऊ? मग बाळाला काय वर्तमानपत्रात गुंडाळू?" असं म्हणून काकू पायरीवर मटकन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. देवाचं नाव त्या रोज घेत, पण रोज त्यात उरकण्याची घाई असायची. आज नव्हती. "देवा," त्या मनात म्हणाल्या, "त्या दिवशी नळ बंद केलास, तसं आज दार उघड."

नळाची ती गोष्ट सगळ्या इमारतीला पाठ होती. तीन वर्षांपूर्वी काकू नळ चालू ठेवून बाजारात गेल्या होत्या. वाटेत आठवलं, पण भाजी अर्धी मोजून झालेली. धावत परत येऊन बघतात तर नळ बंद, बादली काठोकाठ भरलेली, फरशी कोरडी. दाराला कुलूप जसंच्या तसं. तेव्हापासून काकू प्रत्येकाला सांगत, "मी विसरले, तो विसरला नाही."

डोळे उघडले तर समोर धाकटी. गळ्यात मोजायची टेप, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान.

"ताई, ही घ्या."

तिच्या तळव्यावर किल्ली होती. काकूंच्या दाराची. आणि किल्लीला चिंधी बांधली होती, निळ्या ठिपक्यांची.

काकूंनी ती चिंधी ओळखली. सासूबाई खाली राहायला गेल्या तेव्हा रागारागात का होईना, काकूंनी त्यांच्यासाठी एक उशीचा अभ्रा शिवून पाठवला होता. पुढे तो कधी दिसला नाही. कुठेतरी पोछ्याला लावला असेल, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"ही कुठून आली तुझ्याकडे?"

"सासूबाईंनी दिली. जायच्या महिनाभर आधी. त्यांची स्वतःची होती."

"आणि तू सात वर्षं गप्प बसलीस?"

"त्याच म्हणाल्या, थोरली जगाच्या किल्ल्या ठेवेल, पण आपली द्यायला तिचा हात व्हायचा नाही. एक दिवस लागेल तिला. तोवर सांगू नकोस, नाहीतर ती कुलूप बदलेल."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खरोखरच बदललं असतं.

"कधी वापरलीस?" त्यांनी विचारलं.

धाकटी टेपशी चाळा करत म्हणाली, "एकदाच. अंगणातल्या पाइपातून पाणी धो धो येत होतं. वर येऊन नळ बंद केला. फरशी पुसली आणि गेले."

टपालकाकांनी दुखरा खांदा चोळायचं थांबवलं.

"मग बोलली का नाहीस? मी सगळ्या इमारतीला सांगत सुटले, की देवाने..."

"तुम्ही त्याचं नाव घेतलंत, ताई. त्याचं श्रेय काढून घ्यायला मी कोण?"

काकूंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड जसं वेडंवाकडं होतं तसं त्यांचं झालं. पण त्या भाविक होत्या, आणि भाविक माणूस सहजी हार मानत नाही. "नाही, देवानेच केला," त्या म्हणाल्या. "तो काय स्वतः फरशी पुसायला येतो? तुला पाठवलंन."

"बरं," धाकटी म्हणाली. "आता दार उघडा, नाहीतर आजची बस तो थांबवणार नाही."

दार उघडलं. काकूंनी फोन घेतला, पाकीट घेतलं, बॅग उघडून दुपट्यावर एकदा हात फिरवला. मग स्वयंपाकघराच्या दारामागे गेल्या आणि लाल चिंधीची किल्ली काढून स्वतःच्या पाकिटात टाकली. पहिली खुंटी रिकामी झाली.

"ती निळी तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "महिनाभर येत नाही मी. कुणी किल्ली मागायला आलं तर दे. पण चिंधी कुठली आहे ते सांगितल्याशिवाय द्यायची नाही."

"आणि ते डोकं विसरायचं?"

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. जिन्यातून टपालकाकांचा हसण्याचा आवाज आला.

धाकटीने खिशातून अजून एक किल्ली काढली. नवी नव्हती, कडा झिजलेली, चिंधी नसलेली. काही न बोलता तिने ती रिकाम्या खुंटीवर अडकवली.

"ही कुणाची?" काकूंनी विचारलं, कळत असूनही.

"तळमजल्याची. चिंधी तुम्ही आल्यावर बांधा. नातवंडाचं पहिलं झबलं फाटलं, की त्याची."

"फाटू दे तर आधी! अजून जन्मलंही नाही ते," काकू म्हणाल्या आणि बॅग उचलली. धाकटीने ती त्यांच्या हातातून घेऊन तीन मजले खाली आणून दिली. मग ती पुन्हा वर वळली. गच्चीवर तिसरी चादर एका टोकाने लोंबत होती आणि बादलीतले कपडे तसेच होते.

घड्याळात पावणेअकरा. मुलीने सांगितलेली गरम पाण्याची पिशवी राहिली होती. काकू कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे निघाल्या. तिथून पुढे स्टँड, साडेअकराची बस.