पेवातला कंदील

आमच्या सिनेमात रंग नव्हता, आणि दिग्दर्शकांच्या डोक्यात रंगांशिवाय दुसरं काही नव्हतं. माझं लाल लुगडं कॅमेऱ्यात काळं दिसतं म्हणून बाद झालं, हिरवं मातीच्या भिंतीत मिसळतं म्हणून बाद झालं. शेवटी पांढरं लुगडं चहाच्या पाण्यात बुडवून मला दिलं, कारण नुसतं पांढरं डोळ्यांत घुसतं म्हणे. "सिनेमा काढताय की चहाची टपरी?" असं मी विचारलं. ते हसले नाहीत.

गोष्ट हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीतली होती. गावात माणसं शिरतात आणि एक बाई पेवात लपते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड लहान, पोट मोठं. शिरलेली माणसं दाखवायचीच नाहीत, दिसणार फक्त ती बाई आणि तिच्याजवळचा कंदील, असं ठरलं होतं. लपलेली बाई कंदील कशाला पेटवेल, हे मी विचारून पाहिलं. "मग तू दिसशील कशी?" दिग्दर्शक म्हणाले.

बिडकीनच्या अलीकडे एका शेतात जुनं पेव मिळालं. आईला मी फक्त शेत सांगितलं. पेवाचं नाव काढलं असतं तर तिनं मला औरंगाबादच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. तिच्या माहेरी पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील आत सोडायचे. तो नीट जळत राहिला तरच माणूस उतरायचा. आतल्या कोंदलेल्या हवेत माणूस बसल्या जागी जातो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून त्या सकाळी मीच हट्टानं कंदील सोडायला लावला. तो छान जळला. मी शिडीनं उतरले, आणि शिडी चौकटीत येते म्हणून वरच्यांनी ती ओढून घेतली.

पण वरून ऊन आत पडत होतं, आणि दिग्दर्शकांना काळोख हवा होता. त्यांनी तोंडावर फळ्या टाकल्या, त्यांवर काळं कापड, आणि कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं. भर दुपारी माझ्यापुरती अमावस्या झाली.

दृश्य पुन्हा पुन्हा झालं. मग ज्योत बारीक व्हायला लागली. तेल संपलं असेल म्हणून मी कंदील हलवला, तर आत तेल डुचमळलं. वात वर केली तरी ज्योत वाढेना.

"वा! उजेड काय सुंदर उतरतोय," वरून दिग्दर्शकांचा आवाज आला. "हलू नकोस. मला अगदी असाच हवा होता."

डोकं ठणकत होतं, श्वास पुरत नव्हता. पण पहिलाच सिनेमा, मध्येच बोलून शॉट घालवला तर काय म्हणतील, या लाजेनं माझी जीभ धरली होती. ज्योतीचा ठिपका उरला तेव्हा ती लाज गेली.

"कंदील इझायलाय! शिडी टाका!"

"वा, वा!" वरून आवाज आला. त्यांना वाटलं, मी पदरचा संवाद घालतेय.

"अहो, मी मरायलेय इथं!"

कॅमेरामननं फळ्या लाथेनं उडवल्या. शिडी कशी चढले ते आठवत नाही. शेतात पालथी पडून ओकले आणि लहान पोरीसारखी रडले. दिग्दर्शकांचं तोंड त्या लुगड्यासारखं झालं होतं. माझ्या ओरडण्याच्या आधीपर्यंतचा शॉट ठेवू का, असं त्यांनी पुढे भीत भीत विचारलं. मी हो म्हटलं, कारण शॉट खरंच चांगला होता. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही.

शहरात पहिला खेळ झाला तेव्हा आई शेजारी बसली होती. एवढ्या खर्चात रंग का नाही घातला, ही तिची कुरकुर सुरूच होती. मग पडद्यावर पेव आलं आणि ती पुढे सरकून बसली. ज्योत बारीक होत गेली. लोकांना ती छायाचित्रणाची करामत वाटत होती. आईनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि ती उभीच राहिली.

"वर ये गं! कंदील इझायलाय, दिसंना का तुला? वर ये!"

लोक वळून बघायला लागले, कुणी हसलं. "आई, मी इथंच हाय," मी म्हणाले. माझं मनगट तिच्या मुठीत होतं, तरी ती पडद्यावरच्या मला हाका मारत राहिली.