दुसऱ्या पसंतीच्या दोन रेघा

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमारास दुष्काळाने अहमदपूरकडची आमच्या गावची विहीर कोरडी पडली. नव्या कचेरीने गावाला दिवसाआड एक टँकर मंजूर केला. तो कुठे उभा करायचा हे ठरवणारा एक माणूस गावाने निवडावा, असा निरोप आला. मी नांदेडहून बी.एस्सी. होऊन परतले होते. एम.एस्सी.च्या प्रवेशाचे पत्र येत नव्हते आणि रिकामे बसणे मला असह्य होत होते.

उमेदवार तीन. पाटलांचा पुतण्या टँकर वरच्या वेशीतच उभा करणार होता. निवृत्त गुरुजी पाळीपाळीने वर आणि खाली आणतो म्हणत होते. तिसरी, खालच्या बौद्ध वस्तीतली माझी चुलती. गुरुजी आणि चुलती यांच्यात मते फुटून पुतण्या निवडून येणार, हे मला स्पष्ट दिसत होते. म्हणून मी चावडीवर पसंतीक्रमाची पद्धत मांडली. प्रत्येक घराने एका कागदावर पहिली आणि दुसरी पसंती द्यावी. निम्म्याहून अधिक मते कुणालाच नसतील, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद करायचा आणि त्याचे कागद त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे वळवायचे. मतदान पुन्हा घ्यावे लागत नाही.

"ताई शिकून आल्यात, होऊ द्या," पुतण्या हसत म्हणाला.

वाचता न येणाऱ्यांसाठी मी प्रत्येक उमेदवाराला एक चित्र दिले आणि चित्रापुढे रेघा ओढायला सांगितल्या: पहिल्या पसंतीला एक, दुसऱ्या पसंतीला दोन.

ग्रामसेवकासमोर मी एकशे तीन कागद मोजले. पुतण्या चव्वेचाळीस, गुरुजी एकतीस, चुलती अठ्ठावीस. जिंकायला बावन्न हवी होती. चुलती बाद झाली. तिचे कागद उलगडण्याआधीच मी मनात गुरुजींची बेरीज करून टाकली होती: एकोणसाठ. प्रत्यक्षात दुसरी पसंती फक्त सहा कागदांवर निघाली, साही गुरुजींचीच. उरलेल्या बावीस कागदांवर दोन रेघा कुठेच नव्हत्या. गुरुजी सदतीसवर थांबले. ते बावीस कागद मोजणीतूनच गळाल्याने बावन्नची अट उरली नाही आणि चव्वेचाळीसवर पुतण्या निवडून आला.

मी तडक घर गाठले. "माय, गुरुजींपुढं दोन रेघा का न्हाई ओढल्या?"

"आपल्या माणसाला एक अन् गुरुजीला दोन? त्यांचंच जास्ती झालं असतं की."

शेजारीण दारातूनच म्हणाली, "हाव, आमीबी तसंच केलं. तू लई शिकलीस पोरी, पन एकापरीस दोन जास्ती असतेत, एवढं आमालाबी कळतं."

प्रयोगशाळेत कोणताही तराजू माहीत असलेल्या वजनाने तपासल्याशिवाय मी कधी वापरला नव्हता. इथे मात्र एकाही बाईकडून नमुन्याचा कागद भरून घेतला नव्हता. मी वस्तीत घरोघर विचारत सुटले. बहुतेकांनी दुसरे नाव गुरुजींचेच घेतले. ती यादी घेऊन मी चावडीवर धावले.

पुतण्याने यादी वाचलीसुद्धा नाही. "ताई, रीत तुमचीच, मोजणी तुमचीच. उत्तर आवडलं न्हाई म्हणून परत परीक्षा?"

मी गुरुजींकडे पाहिले. ते चष्मा पुसत राहिले. ग्रामसेवकाने निकालाखाली सही केली.

सकाळी टँकर वरच्या वेशीत लागला. चुलतीने स्वतः दोन घागरी उचलल्या, तिसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल. तुझं पत्र येईस्तोवर पानी तरी आन."