केस पेपरावरचा पाऊस

"उठ रे. सांग पाहुण्यांना."

आमच्या संस्थेचे प्रमुख, सर, असं म्हणाले की मी उठायचो. वय एकोणचाळीस, मिशीत पांढरं, संस्थेत वीस वर्षं नोकरी. तरी उठ रे. समोर लांबून आलेले देणगीदार. सर माझ्या खांद्यावर हात ठेवायचे.

"हे भूकंपातलं पोरगं. सास्तूरकडचं. पत्र्याच्या शेडमध्ये सापडलं आम्हाला. नाकात शेंबूड, अंगात चड्डी नाही. आज बघा, इस्त्रीचा शर्ट!"

पाहुणे हसायचे. मीही हसायचो. मग सांगायला लागायचो. भिंत कशी आली, धाकटी बहीण कशी गेली. बहिणीपाशी आलो की आवाज अडकायचा. पहिली काही वर्षं तो खरंच अडकायचा. नंतर मी अडकवायचो.

एकदा माझी मुलगी कार्यक्रमाला आली होती. परतताना गाडीवर मागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही दर वेळी तिथंच रडता का?"

मी गाडीचा वेग वाढवला.

हा माझा अपमान. पण लिहायला बसलोय ते मी केलेल्या अपमानासाठी.

संस्थेत माझ्याकडं विस्थापितांचं काम होतं. घर गेलेल्या माणसाला भेटायचं, त्याचा केस पेपर लिहायचा, मदत मिळवून द्यायची. दिवाळीनंतर ढोकीकडच्या एका गावातून फोन आला. गायरानावरची पारध्यांची पाच घरं मोडली होती. मी गेलो. कोरड्या मातीत जेसीबीच्या चाकांचे वळ ताजे होते. पत्रे दुमडून एका अंगाला लोटलेले. पलीकडं एका बड्या बागायतदाराचा ऊस, आणि गायरानात त्याच्या नांगराची पहिली तासं.

शेवंताबाई मोडक्या चुलीपाशी बसली होती. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. मी तिला 'तू' म्हणालो. मला जसं 'अरे' म्हणतात, तसंच मी खाली ढकललं.

"काय झालं सांग."

"मशिनीनं मोडलं, सायब. मालक सोता हुबा व्हता. म्या वळखते की त्याला. त्याच्याच रानात खुरपाय जात व्हते."

माझा पेन थांबला. हा बागायतदार कार्यक्रमात आमच्या सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. संस्थेच्या सभागृहाला त्याच्या वडलांचं नाव होतं.

शिवाय सवय. आमच्या कामात एक सवय लागते. मदत लवकर निघेल असं कारण लिहायचं. माणसानं हाकललं असं लिहिलं की पोलीस, चौकशी, महिनोन्‌महिने. निसर्गानं नेलं असं लिहिलं की आठ दिवसांत ताडपत्री. भादव्यात मोठा पाऊस झाला होता. तो मी दिवाळीनंतर तिच्या कागदावर पाडला. पाचही घरांच्या कागदांवर पाडला. 'अतिवृष्टीमुळे घर राहण्यायोग्य नाही. कुटुंबाने स्वतःहून जागा सोडली.'

तिला वाचून दाखवलं. लपवलं नाही, एवढंच.

"पावसाचं का लिव्हलं?"

"तुझ्याच भल्याचं आहे. धान्य, भांडी लगेच मिळतील."

"आन जागा?"

"जागेचं मागनं बघू."

थंडी पडायला लागली होती. नातीला तिनं पदरात गुंडाळलं होतं. तिनं अंगठा उठवला.

ताडपत्री आली. पाचही कुटुंबं कालव्याच्या कडेला गेली. मग शेवंताबाईनं तहसीलमध्ये अर्ज केला, आमची जागा आम्हाला परत द्या म्हणून. ओळखीचा माणूस म्हणून मला सोबत नेलं. कारकुनानं फायलीतून माझाच केस पेपर काढला. संस्थेनं मदतीसाठी पाठवलेली प्रत.

"बाई, ह्यो तुझाच अंगठा न्हवं? पावसानं घर गेलं, तू जागा सोडली. आता कशाची जागा?" आणि शेजारच्या टेबलांकडं बघून म्हणाला, "पारध्याचं घर त्ये! पाऊस कशाला लागतोय, कुणी शिंकलं तरी जातंय."

सगळे हसले. मीही हसलो.

शेवंताबाई माझ्याकडं बघत होती. "तुमी बी, सायब?"

त्या हसण्याची मला शिसारी आली. वीस वर्षं सभागृहात मी हेच हसत होतो.

आणि तिथंच उभ्या उभ्या एक गोष्ट कळली. भूकंपाला आरोपी नसतो. म्हणून माझी गोष्ट त्या सभागृहात चालत होती. कुणाला खाली बघावं लागत नव्हतं. शेवंताबाईच्या घराला आरोपी होता, आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेत होती. तो दिसू नये म्हणून मी तिच्या दुःखातून माणूस काढून घेतला आणि पाऊस घातला. ह्याला मी समाजकार्य म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, संस्थेनं पत्र द्यावं. कागद खोटे आहेत म्हणून.

"वेडा झालास? ताडपत्री दिली ना त्यांना?" सर म्हणाले. "पत्र्याखालून उचलून आणलं तुला. हेच पांग फेडतोयस का रे?"

"मला ढिगाऱ्यातनं माझ्या बापानं काढलं, सर. तुम्ही आठ दिवसांनी आलात. आणि इथून पुढं मला अरे म्हणायचं नाही."

या वेळी आवाज अडकला नाही.

तहसीलमध्ये मी प्रतिज्ञापत्र दिलं. पाचही केस पेपर मी खोटे लिहिले. जेसीबीच्या चाकांचे वळ मी डोळ्यांनी पाहिले. शेवंताबाईनं बागायतदाराचं नाव मला त्याच दिवशी सांगितलं होतं. ते नाव लिहिलं. खाली सही केली. नोकरी गेली.

कालव्यावर जाऊन सांगितलं, "शेवंताबाई, तुमच्या बाजूनं लिहून दिलंय."

"लई उशीर केला," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. बरोबर केलं तिनं.

माफी मागून मला मोकळं व्हायचं नाही. सुनावणीला उभं राहायचंय. बागायतदाराचा वकील विचारणारच, तेव्हा खोटं आणि आज खरं, कशावरून? मी सांगणार, तेव्हा सरांचा देणगीदार दुखावेल या भीतीनं लिहिलं. खोट्या कागदाचा गुन्हा माझ्यावर खुशाल लावा. पण त्याआधी जेसीबी कुणी आणला, ते लिहून घ्या.

लिहून घेईपर्यंत मी तिथून हलणार नाही.