स्फटिकाला स्वेटर

आल्प्सच्या आमच्या खोऱ्यात स्फटिक शोधणारे पुष्कळ, पण आगाथाकाकूंसारखं ते धुणारं कोणी नाही. यंदा कड्यातल्या बर्फाने भरलेल्या भेगेत त्यांना हातभर लांब स्फटिक सापडला. अंगातला स्वेटर त्याला गुंडाळून त्या कुडकुडत घरी आल्या आणि तो तळघरात बटाट्यांशेजारी ठेवला. एकदम उबेत आणायला नको म्हणून गावच्या पाद्रीबाबांनाही दाखवला नाही. दोन-चार दिवसांनी गार पाण्यात दातांच्या ब्रशने त्याच्यावरचा चिखल काढायला बसल्या.

"कढत पाणी घे की, झटक्यात निघेल," शेजारचा आम्ब्रोस म्हणाला.

"बर्फातला आहे. तडकेल."

"दगडाला स्वेटर घालतेस आणि स्वतः गारठतेस. कमाल आहे बाई तुझी."

काकूंचा हात थांबला नाही. "माझं काय, मला तडे जाऊन झालेत. याला अजून एकही नाही."