चिमटीतली राख

शोभाताई धकातेंनी त्या सकाळी पदराच्या गाठीत दोन पुड्या बांधल्या आणि रोजच्यापेक्षा अर्धा तास आधीच लाखनीचा हायवे ओलांडला. पुड्यांत राख होती. त्या राखेपायी आपली सत्तावीस वर्षांची नोकरी जाऊ शकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नोकरी कापड कापायची. हायवेलगतच्या त्या शेडमध्ये तोफेच्या दारूसाठी रेशमी पिशव्या शिवतात. दारू पिशवीसकट तोफेत जाते आणि पिशवीसकट जळते. रेशीमच का, तर त्याची राख होऊन जाते, मागे धग राहत नाही. कापडात पॉलिएस्टरची भेसळ असली तर वितळलेला निखारा नळीत चिकटून राहतो, आणि पुढची पिशवी आत सारणाऱ्या जवानाच्या हातातच पेट घेते. खरं रेशीम ओळखायला शोभाताईंना आंधळगावच्या विणकर बापाने मागाशी बसवून शिकवलं होतं. धागा जाळायचा, राख चिमटीत चोळायची. भुगा झाला तर रेशीम, गाठ राहिली तर लबाडी.

यंदा आलेल्या अकरा थानांवर हात फिरवताना त्यांचं बोट अडलं. त्यांनी कटाईच्या चिठ्ठीवर सही केली नाही, आणि सहीशिवाय कापड मशीनवर जात नाही. मालकाने तपासणीत माल पास झाल्याचा कागद त्यांच्यासमोर नाचवला.

"नमुना कोणत्या थानाचा होता जी?" शोभाताईंनी विचारलं. मालक कागद घडी करून निघून गेला.

काम दीड महिना अडलं. ऑर्डर का रखडली म्हणून दिल्लीत प्रश्न निघाला, आणि संरक्षण खर्चावर नजर ठेवणारी खासदारांची समिती पाहणीला येणार असं कळलं. शेडला रंग लागला. बायकांच्या संडासाला सत्तावीस वर्षांत जी कडी मिळाली नव्हती, ती दोन दिवसांत मिळाली. खासदार कडी लावून बसणार होते की काय, देव जाणे.

गेटवरच फोरमन घनश्यामने त्यांना गाठलं.

"ताई, मशीन बिघडली होती म्हना, बस. कायले डोकं लावता?"

"अन् कापडाचं इचारलं त?"

"बोट अडलं म्हनान त हासतीन लोकं. जाळून त दाखवता येत नाही. माचीस आत चालत नाही, तुमाले मालूम हाय."

मालूम होतं, म्हणून तर सगळं आदल्या संध्याकाळी घरच्या चुलीपाशी झालं होतं. पण धागा घरी न्यायचा म्हणजे कात्रण गेटबाहेर काढायचं. इथे कात्रणसुद्धा वजन करून कुलपात जातं, आणि बाहेर नेलं तर लष्कराच्या मालाची चोरी. शोभाताईंनी जुन्या आणि नव्या थानाचं मिळून चार बोटं कात्रण अंबाड्यात खोवून नेलं होतं. जन्मात कुणाची सुई उचलली नव्हती त्या बाईने.

दुपारी सहा खासदार टेबलाशी बसले. मालकाने मशीन बिघडल्याचं बेमालूम सांगितलं. त्यांच्यातल्या एक वयस्क खासदारबाई मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कटाईच्या चिठ्ठीवर सही कुणाची लागते?"

सगळ्यांच्या माना शोभाताईंकडे वळल्या.

"मग तुम्ही सही का केली नाहीत?"

मागे घनश्याम खाकरला. 'मशीन' हा शब्द शोभाताईंच्या जिभेवर आला होता. तेवढा बोलला की सुटका होती, उद्या पुन्हा सात वाजता काम होतं. मग त्यांनी पदराची गाठ सोडली.

"हे जुन्या थानाची राख. हे नव्याची. चिमटीत चोळून पाहा, बाई."

पहिली राख बाईंच्या बोटांवर काजळासारखी पसरली. दुसऱ्या पुडीत काळी, टणक गाठ निघाली. बाईंनी ती चोळली, नखाने दाबली, शेजारच्यांना दिली. ती कुणालाच फुटेना.

"माचीस तर आत येत नाही," मालक हळूच म्हणाला. "ही राख आली कुठून?"

"घरून."

"आणि आमचं कापड घरी गेलं कसं?"

शोभाताईंना भीती वाटली. पण खोटं बोलायची जागा आता मागे पडली होती.

"मी नेलं. अंबाड्यात."

मग खासदारबाईंनी गाठ परत पुडीत बांधून शोभाताईंच्या हातात ठेवली आणि अकराही थानांचे नमुने आपल्या डोळ्यांदेखत काढून सील करायला सांगितले.

नमुन्यांत आठ थानं भेसळीची निघाली. खरेदी थांबली. समितीच्या अहवालात त्याबद्दल दीड ओळ आली, आणि तीत कुणाचंच नाव नव्हतं.

शोभाताईंचं नाव दुसऱ्या कागदावर आलं. मालकाच्या सहीचा मेमो होता: गेटबाहेर नेलेला माल, चार बोटे, तीन दिवसांत जमा करावा, अन्यथा कामावरून कमी का करू नये.

शोभाताईंनी चुलीपाशी बसून रेघांच्या कागदावर उत्तर लिहिलं. "माल जमा करत आहे. मोजून घ्यावा. फुटत असल्यास फोडून पाहावा." आणि काळ्या गाठीची पुडी त्याला टाचणीने टाचली.