पिंजर लागलेला ड्रम

शिवोलीचा माझा जुना दोस्त मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटला, तोही पस्तीसेक वर्षांनी. मी तांबड्या भाजीचं बी घेत होतो, तो मिरच्यांवरून बाईशी हुज्जत घालत होता. उभी हयात आखातात काढून तो आता कायमचा घरी आला होता. गुडघे, साखर, मुलंबाळं अशी सगळी चौकशी झाली. निघता निघता माझ्या तोंडून निसटलं, "तुझीं ड्रमां अजून म्हज्याकडेन आसात."

"बरें," तो म्हणाला. "धाकट्या चलयेचें लग्न जानेवारींत. त्यापयलीं येवन व्हरतां." धाकट्या मुलीच्या लग्नाआधी न्यायला येतो म्हणून सांगितलं आणि पिशवी उचलून चालू लागला.

परतीच्या बसमध्ये मला घाम फुटला. ड्रम माझ्याकडे होते ते खरं, पण मोठा ड्रम फुटलेला होता. कुणी फोडला ते त्याला ठाऊक नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आमचा गाव पेडण्यातला, शिवोलीहून नदीपलीकडे. ऐन विशीत आम्ही पाचसहा जणांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. मी गायचो, आणि बरा गायचो, असं तेव्हा मलाच वाटायचं. खरी गर्दी जमायची ती त्याचा ड्रमसेट बघायला. तो त्याच्या वडिलांचा, कुठल्याशा बोटीवरच्या वादकाकडून घेतलेला, मोरपिशी चमकीचा. दिवा पडला की लकलक करायचा. जत्रांचे दिवस आले की आमचे बहुतेक कार्यक्रम पेडण्याच्या बाजूला असायचे. दर वेळी एवढं लटांबर शिवोलीच्या फेरीबोटीत कोण चढवणार? म्हणून तो सेट आमच्याच घरी माळ्यावर राहायचा.

राज्य होण्याच्या आधीची ती वर्षं. राजभाषा कोणती, यावरून सगळा गोवा पेटला होता. मी मराठीचा. आता हसू येतं, पण आम्ही घरात कोकणीत जेवायचो, कोकणीत भांडायचो आणि रस्त्यावर येऊन मराठीसाठी घसा फोडायचो. मराठी माझी होती आणि आहे, पुढे तीस वर्षं शाळेत मी तीच शिकवली. पण त्या वेळच्या माझ्या डोक्यात दुसऱ्या कुणाचं काही मावत नव्हतं, हेही तितकंच खरं. माझा दोस्त कोकणीचा. ऑर्केस्ट्रा बंद करूया असं कुणी म्हटलं नाही. फक्त तो फेरीने अलीकडे येईनासा झाला आणि मी पलीकडे जाईनासा झालो.

मग म्हापशाला मोर्चा निघायचा ठरला. ढोल हवा, कुणीतरी म्हणालं. मी तावातावाने म्हटलं, माझ्याकडे आहे. त्याचा मोठा ड्रम दोरीने गळ्यात अडकवला, हातात एक दांडकं घेतलं आणि अख्ख्या बाजारातून बडवत गेलो. बसस्टँडजवळ पुढचं कातडं फाटलं. ट्रकवर चढवताना ड्रम हातातून सुटला आणि लाकडाला वीतभर भेग गेली. त्या दिवशी मला काडीचं वाईट वाटलं नाही, उलट मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. लाज आली ती आठवड्याभराने. ड्रम माळ्यावर नेऊन ठेवला, वर घोंगडी टाकली आणि त्यानंतर मी माळ्याची पायरी चढलो नाही. वर्षभरात तो आखातात गेल्याचं कानावर आलं. त्याने ड्रम मागितले नाहीत आणि मी निरोप पाठवला नाही.

तर त्या शुक्रवारी मी ठरवलं की सेट असा दुरुस्त करायचा, की भेग कुठे होती ते त्याच्या बापालाही कळू नये. निवृत्त मास्तराला वेळेची काय कमी? पडवीत जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि बैठक मारली.

सुरुवात केली सिंबलपासून, कारण ते सोपं वाटलं. देवघरातली समई घासतात तसं मी त्या मोठ्या थाळ्यांना चिंच आणि राख लावून तास तासभर घासलं. सोन्यासारख्या झळकू लागल्या. मुलाने फोनवर बघून सांगितलं की तो जुना काळपटपणा म्हणजे त्यांचा आवाज असतो, तो कुणी काढत नाही. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? पत्र्याच्या कड्यांचा आणि बोल्टांचा गंज मात्र रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने नीट गेला.

शेवटी मोठा ड्रम घेतला. मोरपिशी प्लास्टिक जागोजाग फुगलं होतं, ते बायकोच्या इस्त्रीने गरम करून हळूहळू सोलून काढलं. मग फाटकं कातडं उतरवून आतली भेग बघायला बॅटरी मारली. आतल्या कोऱ्या लाकडावर लाल टिळ्यांची एक ओळ होती. एकाशेजारी एक, बोटाने लावलेले. सुरुवातीचे तपकिरी पडले होते, शेवटचे अजून तांबडे होते.

आई पडवीच्या खुर्चीत बसली होती. तिला विचारलं, हे काय?

"पिंजर," ती म्हणाली. आमच्याकडे कुंकवाला पिंजर म्हणतात. "खंडेनवमीक घरांतलीं सगळीं वाद्यां पुजतत. तें सोडून कशें चलतलें?"

"पण आत कशाला लावायचं?"

"भायर प्लास्टिक. थंय पिंजर रावना." बाहेर कुंकू टिकत नाही, म्हणून फाटक्या कातड्यातून हात घालून आत. मग म्हणाली, "तुमचें झगडें तुमच्याकडेन. वाद्यान कोणाचें किदें केलां?" वाद्याने कुणाचं काय बिघडवलंय, असं.

मी ज्या माळ्याकडे डोळे वर करून बघत नव्हतो, तिथे ती दर वर्षी तबक घेऊन चढत होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती. चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले आणि टिळे तिथेच थांबले. त्या दिवशी मी पुढे काम केलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मात्र झपाटल्यासारखा लागलो. भेगेत सुताराकडचा गोंद भरला, शिकंजे लावून दोन दिवस आवळून ठेवलं. बाहेरचं लाकूड पॉलिशपेपरने गुळगुळीत केलं. मग चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्याने एकावर एक हात दिले. मोरपिशी चमक गेली ती गेलीच, पण लाकडाला जुन्या मधासारखा रंग चढला. आत फक्त टिळ्यांची ओळ सोडली, तिला पेपर लावला नाही. भेग नाहीशी झाली होती. पुढचं कातडं त्या मापाचं म्हापशात मिळालं नाही, म्हणून ती बाजू उघडी राहिली.

तो डिसेंबरात गाडी घेऊन आला. मी सेट पडवीत मांडून ठेवला होता. त्याने आधी सिंबलवर टिचकी मारली आणि कपाळाला आठी घातली. "समई घांसली मरे तुवें," म्हणाला. मग स्टूलवर बसला. मोठ्या ड्रमच्या कडेवरून त्याने हात फिरवला, नेमकी भेग होती तिथून, आणि पेडल जवळ ओढलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

त्याने पेडलवर पाय ठेवला आणि वाजवायला लागला. दोन ठोके, मग एक उशिरा, मग तीन घाईघाईने, मग पुन्हा दोन. असला बेताल ठेका त्याच्या पायातून मी कधी ऐकला नव्हता. आणि मग मला कळलं. तो माझाच ठेका होता, म्हापशाच्या मोर्चातला.

"हांव त्या दिसा म्हापशांत आसलों," पाय न थांबवता तो म्हणाला. "पयलीं आवाज वळखलो. मागीर तुका पळयलो." आधी ड्रमचा आवाज ओळखला, मग मला पाहिलं.

"मीच फोडला," मी म्हटलं. इतकी वर्षं घोकून ठेवलेली कारणं बाजूला ठेवली. "माझं चुकलं रे."

त्याने पाय थांबवला. "जाणां," म्हणाला. "फुटिल्ल्याचें इतलें दिसूंक ना. तूं सांगतलो म्हूण वाट पळयली." ठाऊक होतं, फुटल्याचं एवढं नाही वाटलं, तू येऊन सांगशील म्हणून वाट बघितली. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मग मी त्याला आतले टिळे दाखवले. तो वाकून मोबाईलच्या उजेडात ते बघत राहिला, एकेकावरून बोट नेत. शेवटच्या टिळ्यापाशी थांबून त्याने विचारलं, पुढे का नाहीत? मी आईचे गुडघे सांगितले. तो उठला, मोठा ड्रम दोन्ही हातांनी उचलून आईच्या खुर्चीपाशी नेला आणि तिरका धरून म्हणाला, "मांय, चार उणे आसात."

आईने पिंजरेची डबी मागवली. बोटाने तिने तीन टिळे लावले आणि डबी माझ्यापुढे केली. "यंदाचो तूं घाल."

इतक्या वर्षांत मी एकही लावला नव्हता. तो ड्रम धरून उभा होता. मी आत हात घातला, पण बोट हललं आणि टिळा ओळ सोडून खाली बसला.

त्याने आत बघितलं. "अजून बेताल," म्हणाला.